सुकटपाड्याची आत्या

सुकटपाड्याच्या आत्याला सख्खा भाऊ नव्हता, त्यामुळे सख्खं भाचरू असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी पाड्यातल्या झाडून सगळ्या पोरांची ती आत्या होती आणि त्या सगळ्यांची नावं तिनंच ठेवलेली होती. तिचं स्वतःचं नाव चांगुणा. ते मला कळायला बराच काळ लागला, कारण ते कुणी घेतच नसे.

लालबागची खोली सोडून आम्ही अंधेरीच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला राहायला आलो ते साठीच्या दशकाच्या सुरुवातीला. मिस्टर गिरणीत टाइमकीपर, मी एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायची. कुठलाही निर्णय घ्यायचा तर मी कागदाला मधोमध घडी घालते आणि एका बाजूला फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे लिहिते. नव्या जागेच्या फायद्यांची बाजू भरली होती : घरात नळ, घरात संडास, खिडक्या, मुलांना खेळायला जागा. तोट्यांच्या बाजूला एकच शब्द होता. वास.

वास सुकटीचा. आमच्या इमारतींच्या मागे कोळ्यांचा पाडा आणि दोहोंच्या मध्ये एक भलंमोठं, चोपून सारवलेलं खळं. पावसाळा सोडला तर त्या खळ्यावर जवळा, करंदी वाळत पसरलेली असायची. वाळली की तिची सुकट व्हायची आणि पाट्या भरभरून बाजाराला जायची. म्हणून सुकटपाडा. नावामागे ना कुणी राजा, ना कुणी साधू.

इमारती बांधल्या त्या मोहनशेठनं. माणूस वाईट नव्हता. गळती लागली तर गवंडी पाठवायचा, दिवाळीला प्रत्येक घरी मिठाईचा पुडा द्यायचा. आपल्या वारलेल्या आईच्या नावावरून त्यानं त्या सगळ्याला 'कमलनगर' म्हणायला सुरुवात केली. पहिल्यापहिल्यांदा लोक पत्ता लिहिताना 'कमलनगर, सुकटपाड्याजवळ' असं लिहीत. मग लग्नपत्रिका छापायची वेळ आली की दुसरा भाग गळायला लागला. आमच्या खालच्या मजल्यावरचे प्रधान बँकेत अधिकारी. ते म्हणायचे, "वहिनी, मुलीचं स्थळ बघायला येणाऱ्यांना काय सांगू? सुकटपाड्यात या?"

आत्याची आणि माझी पहिली गाठ आमच्याच दारात पडली. रविवारची सकाळ होती. ठेंगणी, रुंद खांद्यांची, पन्नाशीची बाई. घट्ट कासोट्याचं लुगडं, कानांत जड बाळ्या, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. डोक्यावरची पाटी एका दमात खाली उतरवून ती जिन्याच्या कट्ट्यावर बसली आणि मला म्हणाली, "कुठं रातेस गो बाय?"

मी दाराच्या आत उभी होते. पायांत घरातल्या सपाता होत्या. "इथंच की."

"इतं म्हंजे कुठं?"

"कमलनगरात."

तिनं पाटीवरचं केळीचं पान उचलून मला हलवे नुसते दाखवले होते. ते पान तिनं परत नीट झाकलं. "मंग जा आनि कमलनगरान घे मासली. मी सुकटपाड्यान इकतंय."

आणि पाटी उचलून चालायला लागली. मिस्टर आतून हे ऐकत होते. ते मालवणचे, माशाशिवाय रविवार त्यांना सुतकासारखा. ते बनियनवरच बाहेर धावले. "ओ आत्यानू, थांबा! आमी सुकटपाड्यातलेच! ही नवीन असा, हिका काय ठाऊक!"

ती थांबली, पण वळली नाही. "तिना बोलू दे."

मी बोलले. त्यात माझं काही जात नव्हतं आणि हलवे ताजे होते.

हा तिचा नियम प्रत्येक दाराला होता. जो सुकटपाड्यात राहतो असं तोंडानं म्हणेल त्याला मासळी. बाकीच्यांनी स्टेशनाजवळच्या बाजारात जावं. प्रधान तीन-चार रविवार बाजारात गेले. उन्हातून घामाघूम होऊन यायचे आणि पिशवीतलं पापलेट आदल्या दिवसाचं निघायचं. मग एका रविवारी मी जिन्यात उभी असताना प्रधानवहिनींनी दार किलकिलं करून, नवरा आंघोळीला गेलाय याची खात्री करून घेतली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "सुकटपाड्यात राहतो हो आम्ही."

"आयकाया नाय आला."

"सुकटपाड्यात!"

न्हाणीघरातून प्रधानांचा आवाज आला, "अगं, मोठ्यानं सांग तिला! आणि मोठं पापलेट घे!"

आत्या स्वतः मात्र सगळ्यांना आपल्या मनाची नावं द्यायची. मी 'यादीवाली', मिस्टर 'घड्यालवाला', प्रधान 'पापलेटवाले'. एकदा मी तिला म्हटलं, "तुला कमलनगर चालत नाही, आणि आमची नावं बरी बदलतेस!" ती म्हणाली, "मी आत्या हाय. मना मान हाय त्याचा." तिला यात काही विसंगती दिसत नव्हती, आणि पुढे मलाही दिसेनाशी झाली.

तो मान काय असतो हे मला माझ्या मुलीच्या बारशाला नीट समजलं. माझी एकुलती नणंद कणकवलीला, तिचेही दिवस भरत आलेले. पाळण्याशी आत्या कोण उभी राहणार हा प्रश्न होता. शेजारच्या कुणालातरी उभं करू असं आमचं चाललं होतं, तेवढ्यात ही दारात हजर. हात स्वच्छ धुतलेले, नवं लुगडं.

"आत्या कुठंय पोरीची?"

"गावाला."

"मंग मी हाय."

मी नावांची यादी केली होती. मासिकं चाळून निवडलेली, चांगली अर्थपूर्ण नावं, आणि त्यातल्या 'ज्योत्स्ना'वर खूण केलेली. ती मी पुढे केली. आत्यानं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "कागद खाली ठेव, यादीवाली. नाव वाचाचा नसतंय. पोरीचे तोंडाकडं बघाचा नि बोलाचा."

ती पाळण्यावर वाकली आणि पोरीकडे बघत राहिली. पोरगी रडायची थांबली. मग आत्यानं तिच्या कानाशी तोंड नेऊन कुर्र केलं आणि वर उठून जाहीर केलं, "पारू."

माझी ज्योत्स्ना तिथेच राहिली. आता रीतीप्रमाणे नाव ठेवणाऱ्या आत्याच्या पाठीत सगळ्या बायकांनी धपाटे घालायचे. आमच्या इमारतीतल्या बायकांनी लाजतलाजत तिच्या पाठीला हात लावल्यासारखं केलं. आत्या भडकली.

"पापड लाटताव काय? जोरान मारा! नाव ठेवलंय मी. फुकट नाय ठेवाचा कुनी. ज्याना नाव ठेवला त्याची पाठ शेकली पायजे, म्हंजे पुन्यांदा ठेवताना इचार करल."

मग आम्ही मारले. तिची पाठ म्हणजे पाटा होता. माझाच तळवा दिवसभर झणझणत होता. पारूला शाळेत आम्ही पार्वती घातलं. मोठी झाल्यावर यादीतली नावं तिनं वाचली तेव्हा ती माझ्यावर रागावली नाही. म्हणाली, "बरी वाचले."

आत्या सासरी किती दिवस राहिली होती याबद्दल पाड्यात एकमत नव्हतं. तिला खाडीपलीकडच्या कोळीवाड्यात दिली होती आणि वर्षाच्या आत ती परत आली होती. पाड्यातल्या बायका सांगत, नवरा दारू प्यायचा. ती स्वतः वेगळंच सांगायची. एका दुपारी खळ्यावर सुकट उलथीपालथी करता करता, मी काही न विचारता, तिनं सांगितलं :

"लग्नान नाव बदललंनी माझा. लक्षुमी केला. सासू घरानशी हाक मारतंय, लक्षुमी, गो लक्षुमी. मी आपली बसलेली. दुसरे दिशी पन तसाच. मना वाटं, कोन ती लक्षुमी, उठत का नाय? बसून बसून कंटालली, मंग उठली नि घरा आयली."

ती खदखदून हसली. हे खरं होतं की दारूचं खरं होतं, हे मी तपासत बसले नाही. दोन्हीही असू शकतं.

मग आमच्या भागात बस यायची ठरली. इतके दिवस आम्ही हमरस्त्यापर्यंत चालत जायचो; आता खळ्याच्या तोंडाशी थांबा होणार होता. थांब्याला नाव लागणार होतं आणि जे नाव पाटीवर चढेल तेच पुढे पोस्टात, रेशनकार्डावर, शाळेच्या दाखल्यावर जाणार, हे दोन्ही बाजूंना कळत होतं. मोहनशेठनं खटपट करून 'कमलनगर' मंजूर करून आणलं. पाटीच्या समारंभाला नगरसेवक येणार होते. चहाची, खुर्च्यांची आणि पाहुण्यांची व्यवस्था माझ्याकडे आली, कारण व्यवस्था म्हटली की लोक माझ्याकडे बघतात.

आदल्या दिवशी आत्या माझ्याकडे आली. कट्ट्यावर बसली. डोक्यावर माशांची पाटी नव्हती.

"यादीन माझा नाव हाय?"

"नाही ग. शेठनं दिली ती यादी आहे."

"नसू दे." तिनं हनुवटीनं खळ्याकडे दाखवलं. "तुना सांगतंय. कमलनगरान खला कशाला लागतंय? आज नाव पुसतील, उद्या खला मागतील. बोलतील, कमलनगरची मोकली जागा हाय. सुकटपाड्यान सुकटीचा खला असतंय. कमलनगरान नसतंय."

मी म्हटलं, "अर्ज कर. मी लिहून देते." मी लिहून दिलाही. पाड्यातल्या सगळ्यांचे अंगठे-सह्या घेऊन तो कचेरीत गेला आणि त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

समारंभाच्या सकाळी थांब्याजवळ मांडव घातला होता. टेबलावर मोहनशेठच्या आईचा हार घातलेला फोटो, शेजारी नारळ. खांबावरची नवी पाटी लाल कापडानं झाकलेली. नगरसेवकांचं भाषण सुरू होणार एवढ्यात पाड्याच्या बाजूनं बायका आल्या. पंचवीस-तीस तरी असतील, सगळ्या नव्या लुगड्यांत, डोक्यांत फुलं. पुढे दोघी जणींनी एक लाकडी पाळणा धरला होता. चांगला रंगवलेला, खेळणं टांगलेला पाळणा. आणि तो काठोकाठ सुकटीनं भरलेला.

पाळणा त्यांनी टेबलासमोर ठेवला. पहिल्या रांगेतले प्रधान रुमाल काढू की नको अशा अवस्थेत बसून राहिले.

नगरसेवक म्हणाले, "हे काय आहे?"

"बारसा हाय ना?" आत्या म्हणाली. "आवतान नाय दिलाव, तरी आयलू आमी. पालना इसरला होतास, त्यो पन आनला."

मोहनशेठ पुढे आला. पांढराशुभ्र कोट, शांत चेहरा. "बाई, माझ्या आईचं नाव आहे हो. त्यात वाईट काय आहे?"

"वाईट कोन बोलतंय? चांगला नाव हाय तुझे आवशीचा. तुझे इमारतीला दे, तुझे गाडीला दे, तुझे नातीला दे. या पोराचा नाव ठेवून झायलाय." तिनं पाळण्याकडे बोट केलं.

"कधी ठेवलं? कुणी ठेवलं?"

"माझे आजीचे आजीना इचार."

पाड्याच्या बायका हसल्या, आमच्या बाजूचेही काही हसले. शेठलाही हसू आलं. समजूतदार माणूस, गोडीगुलाबीनं मिटवावं असं त्याला वाटलं असणार. तो माईकसमोर जाऊन म्हणाला, "ठीक आहे. जुनं नाव तुमच्या आजीनं ठेवलं, नवं मी ठेवतो. आज मीच आत्या!"

इमारतीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्यानं टाळ्या थांबेपर्यंत वाट पाहिली.

"तू आत्या?"

"हो, हो. मीच आत्या."

"सगल्यांनी आयकलाव ना?" तिनं मागे वळून विचारलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. लाउडस्पीकरवरून पार पाड्यापर्यंत ऐकू गेलं होतं. "मंग पाठ कर."

शेठला आधी कळलं नाही. मग कळलं आणि तो पुन्हा हसला. हसतच जरा वाकला. पहिला धपाटा आत्याचा. त्याचा आवाज माईकमधून आला. मग एकेक बाई येऊ लागली. पाट्या वाहून आणि वल्ह्यांना हात लावून कमावलेले दंड होते ते. पहिल्या दोन-चार धपाट्यांना लोक हसत होते, शेठही हसत होता. त्यानंतर तो एकटाच हसेनासा झाला. नगरसेवक "पुरे, पुरे" म्हणत उठले तेव्हा आत्या त्यांना म्हणाली, "तुमी बसा. तुमी पन ठेवताव काय नाव?" ते बसले.

एकानं पोलिसांना बोलवायचं म्हटलं. प्रधानवहिनी रांगेतूनच म्हणाल्या, "कशाबद्दल? बारशाला धपाटे घातले म्हणून?"

शेवटची बाई झाल्यावर शेठ सरळ झाला. त्याच्या पांढऱ्या कोटाच्या पाठीवर सुकटीच्या भुकटीचे पंजे उमटले होते. त्यानं घाम पुसला, पुढे होऊन दोरी ओढली आणि कापड खाली आलं. 'कमलनगर'. मला त्याचंही त्या क्षणी कौतुक वाटलं.

आत्यानं पाळणा उचलायला सांगितला. जाताना ती शेठपाशी थांबली. "ठेवलास नाव. धपाटे खाल्लास. तुझा मान तुना भेटला, माझा काय म्हन्ना नाय. आता पोर हाकेला उठतंय का, ता बघू."

ती काय म्हणत होती ते मला पहिल्याच आठवड्यात बसमध्ये दिसलं. मी कामावरून घरी येत होते, ती बाजारातून रिकामी पाटी घेऊन. तिनं कंडक्टरकडे मागितलं, "एक सुकटपाडा."

"कमलनगर का?"

"सुकटपाडा."

त्यानं तिकीट फाडून दिलं. थांबा आला. तो ओरडला, "कमलनगर!" मी उठले, आणखी काही जण उठले. आत्या बसून होती.

"आजी, उतरा. तुमचा स्टॉप आला."

"यो माझा नाय."

"अहो, समोर घर दिसतंय ना तुमचं!"

"घर माझा हाय. टॉप माझा नाय."

"मग जायचंय कुठं?"

"तिकिट तू दिलास, तुना म्हाईत."

मागची माणसं ओरडायला लागली, पाटीला वास मारत होता. शेवटी कंडक्टरनं घंटी मारली. बस तिला घेऊन डेपोकडे गेली. डेपोपासून पाड्यापर्यंतचं अंतर थोडंथोडकं नाही. संध्याकाळी भाजी निवडताना मी खिडकीतून तिला येताना पाहिलं. पाटी डोक्यावर, चाल नेहमीची. मिस्टर म्हणाले, "ह्या बायेक कोण समजावतलो?" मी म्हटलं, "कुणी जाऊ नका."

हे रोज चाललं. पहिले काही दिवस पाड्यातल्या सगळ्याच बायका तिच्याबरोबर बसून राहायच्या. पण त्यांना घरी पोरंबाळं होती, पाणी भरायचं होतं. एकेक करून त्या उतरायला लागल्या. आत्या त्यांना कधी काही बोलली नाही. "त्यांची पोरा रडताव. माझा कोन रडतंय?" कंडक्टरांचे मात्र प्रकार पडले. एक तिला मुद्दाम डेपोत नेऊन सोडायचा. एक थांबा आला की तिच्या कानाशी येऊन पुटपुटायचा, "सुकटपाडा", ती म्हणायची, "माझे कानान कशाला? बारसा हाय काय? मोठ्यान बोल." साताऱ्याकडचा एक होता, त्यानं पहिल्या दिवसापासून खणखणीत हाक दिली. त्याला तिनं पाड्याचा जावई करून टाकलं आणि त्याच्यासाठी बोंबील बाजूला काढून ठेवायला लागली. तो शाकाहारी निघाला, तरी जावईपण रद्द झालं नाही.

पुढे खळं गेलंच. एका उन्हाळ्यात ट्रक यायला लागले आणि डेब्रिजचा भराव पडत गेला. कागदपत्रांत ती 'कमलनगरची मोकळी जागा' होती. पाड्यातले तरणे दोन दिवस ट्रकांसमोर उभे राहिले, मग पोलिसांच्या गाडीत भरून नेले गेले आणि सुटून आले. त्यातल्या काहींनी नंतर होड्या विकल्या. कुणी गोदीत लागला, कुणी ट्रॉम्बेला. आत्या त्या दिवसांत भरावाच्या कडेला उभी राहून बघायची. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. ती बरोबर होती, हे तिनं एकदाही बोलून दाखवलं नाही. एवढंच म्हणाली, "खला नेलंनी. नाव उचलाया ट्रक नाय भेटला त्यांना."

भरावावर नव्या इमारती आल्या. वास गेला. माझ्या घडीच्या कागदावरची तोट्यांची बाजू कोरी झाली, तरी मला बरं वाटायचं ते वाटलं नाही. आत्याची पाटी चालूच होती. आता मासळी ती बाजारातून आणायची, पण दारातला प्रश्न तोच. नव्या इमारतीतल्या नव्या बिऱ्हाडांनाही तो विचारला गेला आणि त्यांनाही रविवारी मासे हवे असायचे. मुलांचा तर काही प्रश्नच नव्हता. पाड्यातली आणि इमारतीतली पोरं मिळून क्रिकेट खेळायची. त्यांच्या संघाचं नाव 'सुकटपाडा इलेव्हन'. कप्तान प्रधानांचा मुलगा. मुलीचं स्थळ बघायला येणाऱ्यांना काय सांगायचं म्हणणारे प्रधान मॅचच्या दिवशी गॅलरीतून ओरडायचे, "अरे सुकटपाडा, बॅट सरळ धरा!"

मग गुडघ्यांनी पाटी थांबवली. ती क्वचित दिसायला लागली. खाडीवरच्या वाऱ्याला बसायची, कुणाचं बारसं असेल तर हाताला धरून नेत. सत्तरी तिनं ओलांडली असावी; विचारलं तर म्हणायची, "मोजाया कोन बसलाय?"

मी तिला शेवटची पाहिली ती बसमध्येच. दसऱ्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. मी आणि पारू खरेदी करून येत होतो. माझ्या मांडीवर झेंडूची पिशवी, पारूच्या हातात आंब्याचे डहाळे. आत्या पुढच्या बायकांच्या सीटवर, डोळे तपासून आलेली, हातात डोळ्यांच्या औषधाची बाटली. प्रधानवहिनी माझ्या मागे होत्या. पाड्यातले काही जण, नव्या इमारतीतले बरेच. कंडक्टर नवा होता, कोवळा पोरगा.

थांबा आला. तो ओरडला, "कमलनगर! चला, कमलनगरवाले!"

आत्या हलली नाही. मी उठायला पिशवी उचलली आणि पारूनं माझा पदर धरून मला खाली ओढलं. "आई, बस ना."

मी आजूबाजूला पाहिलं. कुणीच उठलं नव्हतं. प्रधानवहिनी खिडकीतून बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होत्या. नव्या इमारतीतला एक टाय घातलेला तरुण वर्तमानपत्राची घडी उलगडत होता.

"अहो, कमलनगर!" कंडक्टर पुन्हा म्हणाला. "इतक्या जणांनी इथलंच तिकीट काढलंय. उतरायचं नाही का कुणाला?"

आत्या समोर बघत होती. मागे काय चाललंय हे तिला माहीत असावं असं काही तिच्या मानेवरून दिसत नव्हतं.

पुढून ड्रायव्हर मान वळवून ओरडला, "अरे ए, नवीन आहेस का? सुकटपाडा म्हण. नाहीतर ही सगळी वरात डेपोत न्यावी लागेल!"

पोरगा गोंधळला. त्यानं खिडकीतून थांब्याच्या पाटीकडे पाहिलं. पाटीवर ते नाव नव्हतं. मग त्यानं घसा साफ केला.

"सुकटपाडा!"

अख्खी बस उभी राहिली. पिशव्या, डहाळे, टायवाला, प्रधानवहिनी, मी. खाली उतरायला रांग लागली. आत्या सगळ्यांत शेवटी, दांड्याला धरून, एकेक पाय टेकवत आली. कंडक्टरनं तिला हात दिला. तिनं तो घेतला, खाली उतरली, आणि मग वर त्याच्याकडे बघून म्हणाली,

"गला चांगला हाय रं तुझा. उद्या पयले हाकेलाच बोल."